स्टेराइल पाकिटाला लागलेला हात

३ नोव्हेंबर, सोमवार, दुपारी

घरात आलं: लेकीचं, म्हणजे पूर्वीचं, परीक्षेचं पाकीट, सीलबंद (आत निळा कागदी कपडा, गॉज, रबरी ग्लोव्ह्ज) – २१० रु. सरावाच्या ग्लोव्ह्जचा खोका – ३४० रु. कुळथाचं पीठ नि कोकमं, लवू भावजींनी गावाहून आणली – फुकट, पण त्यांना दोनदा चहा झाला. गावच्या रवळनाथाचा अंगारा, एक पुडी – याची किंमत लिहायची नसते.

पूर्वीची एक्स-रेच्या कोर्सची शेवटची प्रॅक्टिकल तेरा तारखेला. पास झाली की जानेवारीपासून कॉलेजच्याच परळच्या हॉस्पिटलात इंटर्नशिप, पगारासकट. नापास झाली तर मे महिन्यात परत. पाकीट ज्याचं त्याने आणायचं असा कॉलेजचा नियम. पूर्वीने ते कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं नि माझ्याकडे बघून म्हणाली, आई, याला हात लावायचा नाही. म्हटलं, मी कशाला लावू?

संकल्प: तिच्या सामानाला हात लावायचा नाही. आजपासून.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सराव. मी पेशंट. सोफ्यावर आडवी. शिरेतून रंगाचं औषध देऊन एक्स-रे काढतात, त्याचा ट्रे तिने सरावाचा निळा कपडा घेऊन टीपॉयवर मांडला. कपड्याच्या घडीचं पहिलं टोक आपल्यापासून लांब उघडायचं, मग बाजूची दोन, आपल्याकडचं शेवटी. ट्रेवरून हात न्यायचा नाही. हात कमरेखाली न्यायचे नाहीत. ट्रेकडे पाठ करायची नाही.

मी म्हटलं, यात नवीन ते काय? गणपतीत नैवेद्य रांधताना मी हेच करते. देवाकडे पाठ कोण करतं? पूर्वी म्हणाली, तसं नाही गं आई, स्वच्छ वेगळं नि स्टेराइल वेगळं. एक्स-रेचं टेबल पुसणं, हात धुणं, पेशंटला कूस बदलायला मदत करणं, हे सगळं स्वच्छ. सुई शरीरात जाणार असली की मग स्टेराइल, एकही जंतू नको. मी म्हटलं, म्हणजे साधं सोवळं नि कडक सोवळं. ती पुन्हा ट्रे मांडायला लागली. पटलं असावं.

दहावीला मला अठ्ठावन्न टक्के होते. पुढे शिकवलं असतं तर.

५ नोव्हेंबर, बुधवार, त्रिपुरी पौर्णिमा

चूक माझी, पण पूर्ण नाही. पूर्वीने ट्रे मांडून ठेवला नि हात धुवायला गेली. ओट्यावर कणीक सांडलेली, देवघरात पणत्या. नैवेद्याची खीर टेकवायला घरात त्या निळ्या कपड्याइतकी शुद्ध जागा दुसरी नव्हती. म्हणून तिथे ठेवली. क्षणभरच.

पूर्वी किंचाळली. हे पेपर वाचत होते. म्हणाले, अगो, देवाक पण ग्लोव्ह्ज दी, तुझो देव आता ऑपरेशन करतलो काय? पूर्वीसुद्धा हसली. मग कपडा गुंडाळून कचऱ्यात टाकला. माझ्या देखत. खिरीचा थेंबही नव्हता त्यावर.

मी तो काढून घडी करून ठेवलाय. डब्यांखाली घालायला उत्तम.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सरावाचे ग्लोव्ह्ज एकदा घालून ती टाकून देते. जीव तुटतो. सात जोड साबणाने धुतले, टाल्कम पावडर लावली, गॅलरीत दोरीवर चिमट्याने लावले. शेजारच्या कमलाबाई म्हणाल्या, अहो, हे कोण निरोप घेतंय? वाऱ्याने हलत होते खरे.

पूर्वी संध्याकाळी आली. दोरीकडे बघितलं. रागावली नाही. नुसती म्हणाली, आई, हॉस्पिटलात असं कोणी केलं तर पेशंटला इन्फेक्शन होईल. माणूस मरू शकतो. मी म्हटलं, हे तर फक्त सरावाचे. ती म्हणाली, सवय तीच लागते.

संकल्प पुन्हा. या वेळी देवासमोर.

८ नोव्हेंबर, शनिवार, संकष्टी

आज जे केलं ते लिहून ठेवते. वाईट काही केलेलं नाही.

पूर्वी दोन दिवस जेवत नाही नीट. झोपेत बडबडते, ‘सॉरी सर’ म्हणते. आईने बघत बसायचं का? रवळनाथाचा अंगारा घरात आहे. कपाळाला लावला तर घामाने जाईल. पर्समध्ये ठेवला तर पर्स परीक्षेच्या खोलीबाहेर राहील. आत जाणारी वस्तू एकच, ते पाकीट.

हात आधी साबणाने धुतले. दोनदा. पाकिटाची एक कड अगदी हळू सोडवली, पुडी आत सरकवली, वरून रुमाल ठेवून इस्त्री फिरवली, रेशमी साडीला ठेवते तेवढीच गरम. अशी चिकटली की कंपनीला जमणार नाही. फळीवर जसं होतं तसं ठेवलं.

पाकिटाला हात लावला असं नाही म्हणता येणार. कडेला लावला.

चंद्रोदयाला गाऱ्हाणं घातलं. मोदक पाच. गूळ थोडा कमी पडला.

९ नोव्हेंबर, रविवार

पूर्वी आंघोळीला गेली होती. तिची वही उघडीच होती. मी वाचली नाही, नजर पडली. ‘सील फाटलेलं, ओलं किंवा पुन्हा चिकटवलेलं असेल तर पाकीट वापरायचं नाही. शंका आली तरी वापरायचं नाही.’ खाली लाल रेघ.

पुन्हा चिकटवलेलं, असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे आधी कोणीतरी केलं असणार.

पण अंगाऱ्याला हे लागू नाही. तो अग्नीतून आलेला. अग्नीपेक्षा शुद्ध काय? दुपारभर हाच विचार. कोथिंबीर निवडताना देठं ठेवली नि पानं टाकली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सांगायचं ठरवलं. चहाच्या वेळी सुरुवात केली. म्हटलं, पूर्वी, समज, एखाद्या बाईने पाकिटात काही पवित्र घातलं, तर?

ती हसली. म्हणाली, तर ते नॉनस्टेराइल. गंगाजल असलं तरी. म्हटलं, अगदी चिमूटभर? म्हणाली, आई, तो चिमूटभर कण सुईबरोबर एखाद्याच्या रक्तात गेला तर तो कण कुठल्या देवळातला आहे हे रक्ताला कळत नाही.

मग म्हणाली, का गं? इथे बोलायला हवं होतं. मी म्हटलं, काही नाही, कमलाबाई विचारत होत्या.

कमलाबाईंचं नाव उगाच घेतलं. त्या बिचाऱ्या असं कधी विचारणार नाहीत. आज त्यांना दोन मोदक दिले, शिळे होते पण चांगले होते.

१२ नोव्हेंबर, बुधवार, दुपारी

उपाय सापडला. नवीन पाकीट आणायचं, फळीवर ठेवायचं, जुनं मी घ्यायचं. कोणाला कळायचं नाही. कबुलीही नको.

परळच्या मेडिकलवाल्याकडे गेले. तो म्हणाला, ग्लोव्ह्जचा साइज काय, ताई? साडेसहा, सात, साडेसात? मला माहीत नाही. माझा हात दाखवला. तो म्हणाला, तुमचा नको, घालणारीचा सांगा. फोन करा. पूर्वीला फोन करून काय सांगायचं? माझी बांगडी दोन आण्यांनी लहान होते तिला, एवढं सांगितलं. तो म्हणाला, ताई, हे काय बांगड्यांचं दुकान आहे?

मागे गिऱ्हाईक उभं होतं, तेही हसलं. अपमान वाटला. शिवाय तिथे पाकीट २३५. त्या दिवशी २१० होतं. आठवड्यात पंचवीस रुपये वाढवतात म्हणजे काय? नाही घेतलं. लूट खपवून घ्यायची नाही.

घरी आल्यावर कळलं की साइज फळीवरच्या पाकिटावर छापलेला आहे. सात.

परत जायला हवं. पण चार वाजले, नळाला पाणी येणार. नि देव इतका वाईट नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी

पूर्वीच्या हातावर दही-साखर ठेवली. पाया पडली. पाकीट तिने माझ्याच हातून घेतलं, म्हणाली, तूच दे, शकुन होईल.

दिलं.

गॅलरीतून बघत होते. ती वळणावर थांबली, हात हलवला. हाक मारता आली असती. मीही हात हलवला.

संध्याकाळी

मुलगी नापास.

तिने सांगितलं तसं लिहिते. ट्रे मांडायला पाकीट उघडलं, पहिलं टोक लांब, मग बाजूची दोन. मध्ये पुडी सुटून अंगारा सांडलेला, निळ्या कपड्यावर, ग्लोव्ह्जवर. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. म्हणाले, हे काय आहे? पूर्वी म्हणाली, सर, अंगारा. त्यांनी चिमूट उचलली, कपाळाला लावली, डोळे मिटले. मग पेन काढलं नि शून्य लिहिलं.

हे हसले. मग पूर्वीचं तोंड बघून तिला पाणी आणून दिलं.

मी म्हटलं, मी तुझ्यासाठीच. ती म्हणाली, माहितेय. म्हणाली, सर म्हणाले की अंगाऱ्याबद्दल शून्य नाही. पाकीट उघडायच्या आधी सील बघायचं असतं, ही पहिली पायरी. मी बघितलंच नाही. इतर वेळी दहादा बघते.

का नाही बघितलं, ते मी विचारलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पूर्वी ठाकूरद्वारला आत्याकडे गेली. मेपर्यंत तिथून अभ्यास करणार. बॅग भरताना म्हणाली, रागावून नाही जात, आई. तिकडे मला खोली मिळेल. खोली लहान आहे आत्याची, मला माहीत आहे. न्हाणीघराएवढी.

मी ह्यांना म्हटलं, एका अंगाऱ्यापायी मुलीने घर सोडायचं म्हणजे देवाचाही अपमान आहे. हे बूट घालत होते. म्हणाले, देवाक मधी घेव नको. तुझ्या हातातना घेतलेलां, म्हणान तिणा सील बघूक नाय.

दिवसभर देवघरात बसले. स्तोत्र अर्ध्यात विसरले. लहानपणापासून पाठ आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

पूर्वीला मोठं पत्र लिहायचं ठरवलं. पोस्टाने नको, हे तिकडे जाणारच आहेत, डब्याबरोबर देतील. चार कागद झाले. प्रत्येकात शेवटी माझंच कसं बरोबर होतं ते यायला लागलं. दोनदा तर मेडिकलवाल्याचे पंचवीस रुपयेही आले. चारही फाडले. पाचव्यावर लिहिलं, ते इथे उतरवून ठेवते:

पूर्वी, भाकरी आणि फरसबीची भाजी पाठवते. आत्याला आमटी वेगळी दिली आहे. तुझं पाकीट मी फोडलं. तू सांगितलं होतंस तरी फोडलं. मंगळवारी तू ‘का गं’ विचारलंस तेव्हा मला सगळं समजलं होतं, आणि मी बोलले नाही. सहा महिने तुझे गेले, माझे नाहीत. तू परत कधी येतेस, की येत नाहीस, ते रिकाम्या डब्यातून उलट चिठ्ठीने कळव. फोन नको. फोनवर मी मध्येच बोलायला लागते.