संध्याकाळच्या वर्गाचे गुण

सोमवार, ११ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आईची तब्येत बरी आहे. गुडघा दुखतो, पण जिना चढायचं सोडत नाही. मी काही बोलले की "तुला कडेवर घेऊन चढत होते मी" असं मलाच ऐकवते. वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे आईकडूनच कळलं. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. अक्षर ओळखून पाकीट तसंच ठेवून देशील अशी भीती होती, म्हणून पत्ता ऑफिसातल्या टाइपिस्टबाईंकडून लिहून घेतला. एवढी लबाडी चालवून घे.

पाच महिने झाले. तुझा रसायनशास्त्र विभाग बंद करायचा हुकूम निघाला त्या दिवशी तू म्हणालास, "तुमच्या यादीने केलं हे." मी म्हटलं, "यादी फक्त मोजते, दादा." तू फोन ठेवलास. ते वाक्य मला परत घ्यायचं आहे.

आमची यादी तू दरवर्षी बघतोस, पण ती बनते कशी ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सरकारी विद्यापीठांची तुलना आम्ही दोन मोठ्या रकान्यांवर करतो. एकात, प्रवेश मिळालेल्या मुलांचे प्रवेश परीक्षेतले सरासरी गुण. दुसऱ्यात नावलौकिक, म्हणजे देशभरच्या प्राध्यापकांना आम्ही फॉर्म पाठवतो आणि ते प्रत्येक विद्यापीठाला पाचपैकी गुण देतात. दोन्ही मिळून क्रमांक. पहिल्या तिसात नसलेल्या विद्यापीठांचे लहान विभाग बंद करायचे, हे सरकारने गेल्या वर्षी ठरवलं. तुम्ही एकतिसावे होतात.

गेल्या गुरुवारी पहिल्या क्रमांकाच्या विद्यापीठाचा या वर्षीचा फॉर्म आला. सोबत तिथल्या कारकुनाचं पत्र होतं. नवीन माणूस असावा, कारण त्याने सगळं इमानदारीत लिहिलं होतं: 'आपल्या कार्यालयाच्या सूचनेनुसार दुसऱ्या सत्रात प्रवेश घेतलेले व संध्याकाळच्या वर्गातील विद्यार्थी सरासरीतून वगळले आहेत.'

मी ते तीनदा वाचलं. धक्काच बसला मला. आमच्या नियमपुस्तकात स्वच्छ लिहिलंय की सगळे विद्यार्थी धरायचे.

आमच्याकडे एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत, आम्ही त्यांना आकडेकाका म्हणतो. त्यांना पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "एकानेच केलं असेल असं वाटतं तुला?" मग आम्ही दोघांनी दोन दिवस बसून प्रत्येक प्रवेश कार्यालयाला फोन केले. एक कारकून तर हसतच म्हणाला, "कमी गुणांच्या मुलांना आम्ही पहिल्या सत्राऐवजी दुसऱ्या सत्रात बोलावतो, मॅडम. मुलं तीच, बाकं तीच. फक्त सरासरीत दिसत नाहीत. सगळेच करतात की!"

सगळे नाही, दादा. अकरा जण. पण ते अकराही पहिल्या पंधरातले.

काकांनी सगळे विद्यार्थी धरून गेल्या वर्षीच्या यादीचा नव्याने हिशोब मांडला. पहिल्या क्रमांकाची सरासरी दोनशेपैकी एकशे त्रेसष्टवरून एकशे एकोणपन्नासवर आली आणि ते विद्यापीठ नववं झालं. तुम्ही बाविसावे आलात. मी काकांच्या खुर्चीमागे उभी होते. बावीस हा आकडा दिसला आणि मी त्यांना पुन्हा बेरीज करायला लावली.

त्याहून वाईट म्हणजे नावलौकिकाचा रकाना. ज्या वर्षी तुम्ही यादीत घसरलात, त्याच्या पुढच्याच वर्षी प्राध्यापकांनी तुम्हाला साडेतीनऐवजी अडीच गुण दिले. एका वर्षात तुमच्याकडे काय बिघडलं होतं? शिक्षक तेच, प्रयोगशाळा तीच. लोक आमची यादी बघून मत बनवत होते, आणि तेच मत आम्ही त्यांच्याकडून मागवून पुन्हा यादीत घालत होतो. बारा वर्षं मी हे काम करतेय आणि हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

आज मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या प्रमुखांना, सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "ही सूचना आपल्या कार्यालयातून कोणी दिली?"

"कोणीतरी दिली असावी," मी म्हटलं.

"मग आधी ते कोणीतरी शोध."

शोध चालू आहे. तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पण चूक आमची होती, हे तुला आमच्याकडूनच कळायला हवं.

वहिनीला नमस्कार सांग, आणि डोळ्यात औषध घालायला ती विसरते, तेवढं तू बघ.

तुझी,
धाकटी


बुधवार, २७ मार्च

दादा,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. चार पानं! तू मला आयुष्यात कधी चार पानं लिहिली नव्हतीस. शिकायला बाहेर होतास तेव्हासुद्धा पोस्टकार्डावर भागवायचास. मी ते जिन्यातच उभं राहून वाचलं आणि वर जायचं विसरले.

तू लिहिलंस, 'धाकटे, तू नसतीस तर हे कधीच बाहेर आलं नसतं. मी तुला नको ते बोललो.' तू माझी माफी मागितलीस. आणि पुढे लिहिलंस, 'तुमच्यातलं ते कोणीतरी सापडलं, तर मला एकदा त्याच्यासमोर उभं कर. मी भांडणार नाही. फक्त संध्याकाळच्या वर्गाची हजेरी वाचून दाखवीन.'

हजेरी घेऊन ये, दादा. ते कोणीतरी मी आहे.

लिहिलं एकदाचं. आता सगळं नीट सांगते, मध्ये थांबले तर पुन्हा हिंमत होणार नाही.

तीन वर्षांपूर्वी, फॉर्म परत यायच्या शेवटच्या आठवड्यात, माझ्या टेबलावर साठ फॉर्म पडले होते. पहिल्या क्रमांकाच्या विद्यापीठातून फोन आला. मी रिसीव्हर मानेत धरून दुसराच फॉर्म तपासत होते. पलीकडून विचारलं, "दुसऱ्या सत्रातली आणि संध्याकाळची मुलं धरायची का? त्यांची यादी अजून तयार नाहीये." मी म्हटलं, "नसेल तयार तर सोडा. चालेल." ते म्हणाले, "लेखी मिळेल का?" मी दोन ओळी लिहून सही करून पाठवल्या. कोणाला विचारलं नाही. पुस्तक उघडलं नाही. फोन लवकर संपावा एवढीच घाई होती.

त्या दोन ओळींची प्रत या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरत अकरा ठिकाणी गेली. एका ठिकाणी तर ती फ्रेम करून लावावी तशी फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवली आहे. काकांनी ती मागवून माझ्यासमोर ठेवली. खाली माझी सही, तीच लांब शेपटीची, जिला तू नेहमी हसतोस.

इथवर ऐकून तू म्हणशील, चूक झाली, कोणाच्याही हातून होते. थांब. खरं अजून पुढे आहे.

त्याच आठवड्यात, दोन दिवसांनी तुझा फोन आला होता. आठवतंय? तुमच्याकडचा फॉर्म तूच भरत होतास, कारण तुमच्या प्रवेश कार्यालयात माणूस नव्हता. तू विचारलंस, "संध्याकाळच्या वर्गातली मुलं धरायची ना गं? सगळी नोकरीवाली आहेत, परीक्षा देऊन दहा-दहा वर्षं झालेली. गुण कमी आहेत त्यांचे."

तू विचारतोयस म्हणून मी पुस्तक उघडलं. तुला चुकीचं सांगायचं नव्हतं. आणि नियम वाचून सांगितलं, "सगळी धरायची, दादा. अगदी प्रत्येक."

तू म्हणालास, "तेच बरोबर आहे."

म्हणजे त्या क्षणी मला कळलं होतं की त्यांना मी चुकीचं लिहून दिलंय. एक फोन करायचा होता, बस. 'माझं चुकलं, सगळी मुलं धरा' एवढं म्हणायचं होतं. मला लाज वाटली. बारा वर्षं मी त्या ऑफिसात 'नियम तोंडपाठ असलेली' म्हणून मिरवतेय. मी स्वतःला समजावलं की एकच विद्यापीठ आहे, एका आकड्याने काय होतंय. मूग गिळून बसले. पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. पुढच्या वर्षी तुम्ही घसरलात, आणि तेव्हा तर सांगणं आणखीच अवघड झालं.

ते अकरा आहेत हे मात्र मला खरंच माहीत नव्हतं. गुरुवारी मला धक्का बसला तो खराच होता. फक्त तो कशाचा होता, ते मागच्या पत्रात मी अर्धंच लिहिलं.

तुला खरं सांगितलं म्हणून तुझं विद्यापीठ बुडालं, आणि त्यांना खोटं सांगितलं म्हणून ते तरले. गेले पंधरा दिवस मी भाजी चिरताना, रस्ता ओलांडताना हेच एक वाक्य मनात म्हणतेय. काल लाल दिव्यावर एका हातगाडीवाल्याने ओरडून मला मागे ओढलं.

सूचना माझीच होती हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी दार लाव." मग म्हणाल्या, "दुरुस्ती छापू. कारण 'तांत्रिक चूक' देऊ. तुझं नाव घालायची गरज नाही. कार्यालयाचीही अब्रू आहे."

मी हो म्हटलं होतं, दादा. खोटं कशाला सांगू. सुटले असं वाटलं. शनिवारी तुझं पत्र आलं नसतं तर तसंच झालं असतं.

सोमवारी सकाळी मी तीन पानांचा जबाब लिहून दिला. दोन फोन, दोन ओळी आणि नंतरची तीन वर्षं, सगळं त्यात आहे. एक प्रत बाईंना, एक शिक्षण खात्याला. बाईंनी वाचला आणि म्हणाल्या, "वेडी आहेस का?" मग स्वतःच त्यावर पोच लिहून शिक्का मारला. दुपारपर्यंत यादी मागे घेतली. माझी चौकशी होईल, तोवर मला घरी बसायला सांगितलंय. काका माझी पिशवी घेऊन खाली दारापर्यंत आले. म्हणाले, "मी तुझ्या शेजारी बसून तीन वर्षं तेच आकडे बेरजेला घेतले. मलाही कधी शंका आली नाही." ते माझं सांत्वन होतं की त्यांचं स्वतःचं दुःख, कळलं नाही.

खात्याने तुमच्या विभागाबद्दल नऊ एप्रिलला फेरसुनावणी ठेवली आहे. बाविसावा क्रमांक म्हणजे बंद करण्याची अटच उरत नाही. हुकूम रद्द होईल असं सगळे म्हणतात. पण संध्याकाळच्या वर्गातल्या एक्केचाळीसपैकी चोवीस जणांनी नाव काढून घेतलं, हे तुझ्या पत्रात आहे. ती बसचालक बाई, जी गणवेशातच प्रयोगाला यायची, तिने तुला सांगितलं, "सर, आता पुन्हा हिंमत होणार नाही." ते कुठल्या फेरसुनावणीत दुरुस्त होणार? तिचे गुण दोनशेपैकी ब्याण्णव होते. मी फॉर्ममध्ये शोधून काढले. तू ते लपवले नव्हतेस.

सुनावणीला मला साक्षीला बोलावलंय. मी येणार. त्या दिवशी तुमच्याकडे उतरायचं की नाही, ते तू आणि वहिनी ठरवा. नको म्हणालास तर मी दुसरीकडे खोली बघीन, आणि बाहेर भेटलो तर तू मान वळवलीस तरी समजून घेईन. साक्षीच्या खुर्चीत बसल्यावर मात्र माझ्याकडे बघ. मी वाचताना एखादी गोष्ट गाळली तर तुला लगेच कळेल.

आईला अजून काही माहीत नाही. काल विचारत होती, "दादाचं पत्र आलं ना? काय म्हणतो?" मी म्हटलं, "खूश आहे." ती इतकी आनंदली की शेजारणीला सांगायला गेली. हे पत्र टाकून आले की तिला समोर बसवून सगळं सांगणार आहे.

उत्तराची वाट बघेन असं लिहायचा मला आता हक्क नाही. वाट मात्र बघेन.

'तुझी' लिहू की नको, ते न ठरवता आल्यामुळे फक्त,
धाकटी