उलटा आटा

४ मार्च, मंगळवार

दादाचा हात गेला म्हणे!

म्हणजे तुटलाबिटला नाही. वहिनीने फोनवर सुरुवातच अशी केली की माझ्या हातातला पाना पायावर पडला. मग म्हणाली — अगं, जागेवर आहे, पण कामातून गेला. दोन-तीन आठवडे झाले, झाड धरून मशीनची सोंड खाली आणताना त्याला हवी तिथे ती थांबत नाही. कधी वीतभर, कधी हातभर जास्तच खाली जाते. दादा म्हणतो, मशीनला काही झालेलं नाही, माझा डावा हातच लिव्हर वेळेवर सोडत नाही. काल त्याने मशीन बंद केलं आणि मालकांना कळवून टाकलं, दुसरा ड्रायव्हर बघा. सतरा तारखेला नवा येतोय. तोवर दादा वर डोंगरावरच — बंद मशीनची राखण करत बसलाय.

चोवीस वर्षं झाडतोडीच्या मशीनवर आहे तो. पंजाने झाड उभं धरायचं, बुंधा कापायचा आणि तेवढं अख्खं धूड शेजारच्या रोपांना धक्का न लावता आडवं ठेवायचं — हे त्याच्याइतकं कुणाला जमत नाही. मला राग असला तरी हे खोटं कसं म्हणू? वय एकोणपन्नास. या वयात हात जातात होय!

"तू एकदा बोल ना ह्यांच्याशी," वहिनी म्हणाली. मी 'बघू' म्हणाले आणि फोन ठेवला.

दीड वर्ष अबोला आहे आमचा. मी वर्कशॉपची हायड्रॉलिक फिटर, तो माझ्याच वर्कशॉपच्या मशीनवर ड्रायव्हर. मी काम करून मशीन त्याच्या ताब्यात दिलं की हा पाना घेऊन प्रत्येक नट पुन्हा तपासणार. वर्षानुवर्षं! एकदा यार्डात सगळ्यांसमोर तपासलं आणि वर हसून म्हणाला, इंजिनेर बाईंचं काम आहे, बघून घेतलेलं बरं. मी तिथेच फाडफाड बोलले. भरवसा नसेल तर दुसरा फिटर शोध म्हणाले. तो म्हणाला, "बरं बाई. यापुढे तुझ्या कामाला हात नाही लावणार." तेव्हापासून निरोप सगळे वहिनीमार्फत.

आणि आता मी बोलू? त्याने का नाही बोलायचं?

५ मार्च, बुधवार

आईने तीनदा विचारलं, दादाशी बोललीस का. दोनदा मी ऐकू न आल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा म्हणाली, बहिरी मी आहे, तू नाहीस.

७ मार्च, शुक्रवार

अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे.

सकाळी दुसऱ्या मशीनचा होल्डिंग वॉल्व्ह बदलायला घेतला. सोंडेच्या सिलिंडरला असतो हा — मुठीएवढा तुकडा, पण सगळा भार त्याच्या जिवावर. लिव्हर सोडलं की हा तेल अडवून धरतो, म्हणून झाडासकट सोंड हवेत जिथल्या तिथे राहते. त्याच्या डोक्यावर एक स्क्रू असतो. तो किती आटे आत घ्यायचा त्यावर वॉल्व्ह किती वजन धरणार ते ठरतं. आमच्याकडे नेहमीच्या बनावटीला साडेतीन आटे. मला झोपेतसुद्धा येतं.

गेल्या महिन्यापासून नेहमीची बनावट मिळत नाही म्हणून मालकांनी दुसरीकडची मागवलीये. तसाच दिसतो, तसाच बसतो. आज वेळ होता म्हणून आधी टेबलावर दाब देऊन बघायला लावला. स्क्रू आत घेतला. दाबाचा काटा वर जायच्या ऐवजी खाली आला.

मला वाटलं गेज बिघडला. गेज बदलला. पुन्हा आत घेतला — पुन्हा खाली. बाहेर काढला — वर! आवळला की सैल, सैल केला की घट्ट. डब्याच्या तळाशी घडी घातलेलं पत्रक होतं, त्यावर बाणासकट छापलेलं. या बनावटीत उलटं असतं. सरळ, स्वच्छ, शेंबड्या पोरालाही कळेल असं छापलेलं.

या बनावटीचा पहिला वॉल्व्ह मी कुठे बसवला? दादाच्या मशीनवर. बारा फेब्रुवारीला. गाडी दारात उभी होती, मशीन त्याच दिवशी वर चढवायचं होतं. पूर्ण सैल केला, साडेतीन आटे आत घेतला, नट आवळला. पत्रक उघडलंच नाही! रिकामी सोंड दोनदा वरखाली केली — रिकामी होती, थांबली. पाठवून दिलं.

झाडाचं वजन आल्यावर कशी थांबेल?

हात गेला नाही दादाचा. मी घालवलाय.

८ मार्च, शनिवार

एक बरं की मशीन बंद आहे. कुणी चालवत नाही, कुणाच्या अंगावर काही येणार नाही. हे मी सकाळपासून शंभर वेळा स्वतःला सांगितलं. आधीचे दिवस मात्र — त्या सोंडेखाली माणसं असतील, फांद्या साफ करणारे, दोर लावणारे. तो विचार आला की मी उठून उभी राहते. मग उभं राहून करायचं काय ते कळत नाही, पुन्हा बसते.

मालक आज दोनदा माझ्या टेबलापाशी येऊन गेले. चोराच्या मनात चांदणं! ते बिचारे नुसतं वॉशर शोधत होते.

९ मार्च, रविवार

सुटी. भांड्यांची मांडणी उतरवून घासली. पडदे धुतले. वाळले नव्हते तरी परत लावले. आई म्हणाली, पायाला भिंगरी लागलीये का, टेक जरा. टेकले. पाच मिनिटांनी गच्चीत होते.

मी सतरा वर्षांची असताना दादाने माझ्या हातात पहिला पाना दिला. बाबा गेले होते, कॉलेज परवडणारं नव्हतं, आणि पोरगी घरात बसून कुजेल म्हणून हा मला वर्कशॉपात घेऊन आला. तेव्हाचे फिटर हसले होते. तो कुणाशी भांडला नाही. माझ्यामागे उभा राहिला आणि हळूच म्हणाला, उजवीकडे घट्ट, डावीकडे सैल, जगात कुठेही गेलीस तरी हे बदलत नाही. त्याच्या त्या एका वाक्यावर मी वीस वर्षं पोट भरलं. आणि बदललं तेव्हा नेमकं त्याच्याच मशीनवर!

सांगायला काय हरकत आहे? काही नाही. फोन उचलायचा — दादा, तुझा हात ठणठणीत आहे, चूक माझी. एवढंच.

पण त्याचं ते हसणं डोळ्यांपुढे येतं. 'बघून घेतलेलं बरं.' सगळ्या यार्डासमोर मी तोंड वर करून सांगितलं होतं की माझं काम तपासायची गरज नाही. त्याने ऐकलं. शब्द पाळला. तपासलं असतं तर त्याच दिवशी सापडलं असतं! म्हणजे ही दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. नाकाने कांदे सोलले ना बाई, आता घे.

१० मार्च, सोमवार

दादाला फोन लावला! लागला नाही. वर रेंज नसते हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच लावला असेन.

मग वहिनीला केला. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच — पाच मिनिटं पाण्याच्या टाकीबद्दल बोलले. तीच शेवटी म्हणाली, परवा हे घरी येऊन गेले तर पूर्ण दिवस खुर्चीत बसून होते, टीव्हीसुद्धा लावला नाही. पुढे काय करणार विचारलं तर म्हणाले, गेटवर उभा राहीन, गाड्यांचे नंबर लिहीन. दादा! ज्याच्याकडे इतर ड्रायव्हर शिकायला येतात तो गेटवर!

तरी सांगितलं नाही. माझी मला किळस आली.

११ मार्च, मंगळवार

आज सांगणार होते. मालक बाहेरगावी. — हे कारण नाही. फोन होता.

१२ मार्च, बुधवार

सांगितलं.

मालक डबा खात होते, तशीच समोर जाऊन उभी राहिले. म्हणाले, दादाचा हात नाही, माझा वॉल्व्ह. सगळं घडाघडा. पत्रक समोर ठेवलं, टेबलावर नेऊन काटा खाली येताना दाखवला. त्यांनी स्वतः स्क्रू फिरवून बघितला — आत, बाहेर, परत आत. मला वाटलं आता घरी पाठवतात.

"कुणी खाली असतं म्हणजे?" एवढंच विचारलं त्यांनी. मग त्यांनी हात धुतले, माझ्या देखत नव्या ड्रायव्हरला फोन केला, येऊ नका म्हणून सांगितलं. मला म्हणाले, शुक्रवारी सामानाची गाडी वर जातेय, तिच्यात बस, वॉल्व्ह नीट कर आणि तुझ्या भावाला परत सीटवर बसवून ये. तुझं काय करायचं ते नंतर बघू. आणि यापुढे नवीन वस्तू टेबलावर तपासल्याशिवाय मशीनला लागणार नाही, हे भिंतीवर लिही. लिहिलं. ठळक, लाल रंगात, माझ्याच हाताने.

घरी यायच्या आधीच वहिनीला फोन केला. आधी तिला कळेचना. वॉल्व्ह, आटा — तिला काय त्याचं! शेवटी तिने एकच विचारलं. "म्हणजे ह्यांचा हात बरा आहे?"

"हो वहिनी. हात बरा आहे."

ती रडायलाच लागली. मग हसली. मग मला म्हणाली, कालपर्यंत मी रोज तुझ्या नावाने बोटं मोडत होते, भावाची चौकशी करत नाही म्हणून. मी म्हटलं मोड अजून थोडी, कमी पडतील. दोघी हसलो. इतक्या दिवसांनी!

आईला मोठ्याने सांगावं लागलं, शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल. ती म्हणाली, चूक केलीस ना? बरं झालं. आता तरी बोलाल.

१३ मार्च, गुरुवार

पाने, गेज, पत्रक, स्क्रूवर खूण करायला रंगाची डबी, आईने दिलेला स्वेटर दादासाठी. पिशवी तीनदा भरली, तीनदा उपसली. उद्या सातला गाडी.

बसवत नाहीये आजही, पण ही वेगळी तगमग आहे. अपराधी माणसाला इतकं हलकं वाटावं का? हसणार तो. इंजिनेर बाई म्हणणार, पुढची दहा वर्षं प्रत्येक नट माझ्या नाकासमोर तपासणार. तपासू दे. मीच पाना हातात देईन.

आधी काय बोलायचं ते ठरवलंय. 'दादा, तुझा हात ठीक आहे.' माफी नंतर. आधी हे.

१४ मार्च, शुक्रवार

ठरवलं होतं तसंच बोलले. आधी हात, मग वॉल्व्ह, मग पाच दिवस गप्प बसले तेही. दादा मशीनच्या पायरीवर बसून ऐकत राहिला. हसला नाही.

"तो स्क्रू मी पहिल्याच दिवशी उलटा फिरवला," तो म्हणाला. "पहिला ओंडका उचलला, सोंड बसायला लागली, तेव्हाच. तुझ्या कामाला हात लावणार नाही म्हणालो होतो, म्हणून कुणाला बोललो नाही."

तरी मी वर चढले. आटे मोजले. बरोबर होते. ओंडका उचलून सोंड अधांतरी ठेवली, अर्धा तास खाली उभी राहून बघत राहिले. बोटभरही हलली नाही.

"मशीन थांबतं गं," दादा म्हणाला. "मी थांबत नाही."

त्याच्या उजव्या बाहीचं बटण उघडं होतं. ते डाव्या हाताने लावावं लागतं. मी लावून दिलं.

वहिनी घरी वाट बघतेय. देवा, चूक माझीच असायला हवी होती.