गुळातला इसबगोल

सोयगाव,
४ ऑक्टोबर २०२५

चि. शालूस, आत्याचा पोटभर आशीर्वाद.

मी सांगतेय अन् सून मेघा लिहितेय. फोनची सोय नाय. घरात फोन एकच, तो माझ्या रामप्रसादकडं, अन् तो ओट्यावर चार माणसांत बसून स्पीकर लावूनच बोलतो. पोटचा पोरगा असला तरी हे त्याच्यापुढं कसं काढू? चार-चार दिवस पोट साफ होत नाय. पोळ्याला तू दिलेल्या इसबगोलानं उलट जास्तच अडलं. मग बाजारातलं चूर्ण धरलं. आधी एक चमचा पुरायचा, आता तीन लागतात. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचंय, असलं जड पोट घेऊन चालू कशी? तुझ्या मेडिकलात फळ्या भरून औषधं आहेत म्हणतीस. त्यातलं सगळ्यात कडक पाठव. आपल्या घरात शिकलेली तू एकटीच.

जीव लावलाय तो लावलेलाच राहील.
तुझी आत्या, राजाबाई


हर्सूल, छ. संभाजीनगर,
७ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास, शालूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. कडक औषध पाठवत नाहीये, रागावू नको. मागितलं ते काढून दिलं की गिऱ्हाईक खूश होतं, पण तू गिऱ्हाईक नाहीस. पोट साफ करणारी सगळी औषधं सारखी नसतात. काही मळ मऊ करतात, काही आतड्याला हाकलतात. तुझ्या चूर्णाच्या पुडीवर सोनामुखी लिहिलं असेल तर ते हाकलणाऱ्यातलं. ते रोज वाढवत नेणं बरं नाही. अडलंय कशानं हे कळल्याशिवाय मी काहीच निवडणार नाही.

म्हणून एवढं कळव. दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? पाणी किती पितेस? रक्त पडतं का, वजन उतरलंय का? आणि इसबगोल नेमका कसा घेतलास?

पोट फुगून दुखलं, उलटी झाली किंवा वारासुद्धा सरेना झाला, तर लाज बाजूला ठेव आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ. हे वाक्य मेघावहिनींनी दोनदा वाचून दाखवावं.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी शालू


सोयगाव,
१० ऑक्टोबर २०२५

चि. शालूस आशीर्वाद.

औषध मागितलं तर तू परीक्षेचा पेपर धाडलास. घे उत्तरं. शिबिरात रक्तवाढीच्या गोळ्या दिल्यात, त्या दोन महिने चालू आहेत. रक्त पडत नाय. पोलकी मात्र ढिली व्हायला लागलीत. पाणी दिवसाला दोन तांबे, मुद्दाम कमी. संडासाचं दार ओट्यासमोर, तिथं सकाळपासून पत्ते चालतात. त्यांच्या मधून टमरेल घेऊन किती येळा जायचं? कळ आली तरी अंधार पडेस्तोवर दाबून धरते.

इसबगोल आपल्या रीतीनं घेतला. मेंढीला भुकटी देताना गुळात मळून गोळी करतो, तशीच केली अन् गिळली. वर पाणी कशाला, मेंढीला कुठं लागतं? मेघा लिहिताना हसतेय, तिचंही गाऱ्हाणं तुझ्याकडंच.

लोभ आहे, जरा रागही आहे.
राजाबाई


हर्सूल,
१३ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास शि. सा. न.

हे पत्र टपालात टाकत नाही, उद्या सकाळच्या एसटीनं तिकडं निघालेल्या बन्सीमामांच्या हाती देतेय. आत्या, चूक माझी आहे. डबीवर मी ‘रात्री एक चमचा’ एवढंच लिहिलं. इसबगोल पाणी शोषून फुगतो. तो ग्लासभर पाण्यात कालवायचा आणि वर आणखी ग्लासभर प्यायचं, नाहीतर घशात किंवा आतड्यात अडकतो. दुकानात हे मी प्रत्येकाला सांगते. तुलाच सांगितलं नाही, घरच्या माणसाला काय समजवायचं म्हणून. कालपासून जेवण गोड लागत नाही.

इसबगोल आणि चूर्ण दोन्ही बंद कर. रक्ताच्या गोळ्यांनीही पोट अडतं, पण त्या आपल्या मनानं सोडू नको. वजन उतरतंय, म्हणून आधी तपासणी आणि मगच औषध. बुधवारी सुट्टी काढलीय, दवाखान्यात मी तुझ्या शेजारी बसेन. नाही म्हटलंस तरी येणार.

ओट्यासमोरच्या दारावर मात्र कुठल्याच बाटलीत औषध नाही. ते तुलाच बोलावं लागेल.

चुकली तरी तुझीच,
शालू


सोयगाव,
१९ ऑक्टोबर २०२५

चि. शालूस भरभरून आशीर्वाद.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसंच तू माघारी गेल्यावरही चाललंय. रक्ताची गोळी दिवसाआड, रात्री त्यांनी दिलेलं ते पाकासारखं गोड औषध, तांब्यावर तांबे पाणी. तिसऱ्या दिवशी पोट हललं. वजनाच्या तपासणीला पाडव्यानंतर बोलावलंय, तिथंही जाणार. मेंढरं आठ दिवस थांबतील, मी रामप्रसादला बजावलंय.

काल सकाळी कळ आली. ओट्यावर तो अन् तिघं जण बसलेले. नेहमीसारखी माघारी फिरले, दारात तुझं आठवलं. तशीच पुढं गेले अन् म्हटलं, उठा रे, मला संडासला जायचंय, रोज याच येळेला जायचंय, पत्ते पारावर नेऊन खेळा. मला वाटलं हसतील. कुणी हसलं नाय. रामप्रसादनं खाट उचलली, खाली मान घालून.

आता पाठवशील त्या डबीवर सगळं लिही, पाण्यासकट. मेघा वाचंल.

माया होती त्याहून जास्त आहे.
तुझी आत्या, राजाबाई

ता. क. तपासणीचं काय झालं ते विचारायला पत्र लिहीत बसू नको. फोन कर. स्पीकरवर असला तरी चालंल.