टोकाला बसलेली ऑपरेटर

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या धाकट्या (आणि घरच्यांच्या मते बिनकामाच्या) भाच्याचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? मी बरा आहे, भूक तेवढी गेलीय.

मी नेमकं करतो काय, असं तू विचारलं होतंस. तर हक्क संपलेल्या, कुणीही घ्याव्यात अशा जुन्या फिल्म कापायच्या, जोडायच्या आणि त्यातून नवा व्हिडिओ करायचा. (बाबा याला दुसऱ्याच्या कपड्यांची गोधडी म्हणतात. गोधडीनं निदान थंडी भागते, असंही म्हणतात.) यंदा प्रदर्शनासाठी टेलिफोन एक्स्चेंजची एक मुकी फिल्म घेतली. सहा बायका ओळीनं बसून वायरी खुपसतायत. टोकाची बाई कॅमेऱ्याकडे वळून काहीतरी बोलते. मला ते वळणं इतकं आवडलं, की तेवढंच कापून चाळीस वेळा एकापुढे एक जोडलं.

तिसऱ्या दिवशी दुसरी फिल्म लावली, पोहण्याच्या तलावाच्या उद्घाटनाची. काठच्या बाकावर तीच बाई, ओठांची तीच हालचाल. मग रस्ता कसा ओलांडावा हे शिकवणारी फिल्म. पांढऱ्या पट्ट्यांवर पुन्हा ती. आवाजाचं काम बघणारी माझी सहकारी म्हणाली, त्या काळी फिल्मवाले ठरलेलीच माणसं फिरवत असतील. मला पटलं. (न पटून सांगतो कुणाला?) तरी मूकबधिर शाळेतल्या एका निवृत्त बाईंना ओठ वाचायला बोलावलं, तेही भर दुपारी. त्यांनी दोनदा पाहिलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "हिला कधीपासून बसवून ठेवलंयस?"

मी तुकडा तिसऱ्यांदा लावला, तशा बाई म्हणाल्या,

"ती म्हणतेय, माझी ड्यूटी संपली, मला घरी जाऊ दे."

आत्या, अंगावर काटा आला, पण त्याहून लाज वाटली. मूळ फिल्ममध्ये वळल्यावर ती उठते, पिशवी उचलते आणि दारातून निघून जाते. तेवढा तुकडा मीच फालतू म्हणून काढून टाकला होता. तो परत जोडला, चाळीस फेऱ्या पुसल्या. ती उठली, गेली. नंतर तलावाची फिल्म लावून पाहिली, तर बाक रिकामा. पट्ट्यांवरून नुसती एक सायकल गेली. प्रदर्शनवाल्यांनी 'फारच त्रोटक' म्हणून व्हिडिओ परत पाठवला. या खेपेला मला राग आला नाही.

तुझाच,
गोधडीवाला

ता. क. : फिल्म तुझ्याच एक्स्चेंजमधली आहे, तू नोकरीला लागलीस त्या वर्षीची. त्यातलाच एक फोटो सोबत ठेवलाय. टोकाचीला ओळखतेस का? तिचं घर कुठं होतं, एवढं कळव. खरं तर पत्र त्यासाठीच.

ता. क. पुन्हा : पाकीट चिकटवताना पाहिलं, फोटोत पाचच बायका आहेत, टोकाची खुर्ची रिकामी. पाकिटावर पत्ता तुझा, तेव्हा पत्राआधी कुणी दार वाजवलं, तर काही न विचारता उघड. (हे तुला पत्र पोचल्यावरच कळणार, हे आत्ता लक्षात आलं.) आणि तिला सांग, माझं चुकलं.