चित्राखालची ओळ

प्रिय मास्तर,

कॉलेजात येईल त्याला फुकटचे सल्ले द्यायचास म्हणून आम्ही तुझं हे नाव पाडलं. आता त्याच सल्ल्यांचं पुस्तक निघतंय! नव्या ग्राफिक डिझायनरांनी काम कसं मिळवावं, कसं टिकवावं. आणि गंमत बघ, त्याची पानं लावायचं काम प्रकाशकांनी नेमकं माझ्याकडे दिलंय. आपली ओळख त्यांना ठाऊक नाही. मीही काही बोलले नाही.

सकाळपासून एका जागी बूड टिकत नाहीये माझं. चहा केला, तो गार झाला. पुस्तक वाईट असतं तर बरं झालं असतं रे! गिऱ्हाईक 'लोगो जरा मोठा करा' म्हणालं तर डोकं शांत ठेवा, म्हणे. एकटीच हसले. कॉलेजनंतर आपण दोघं मिळून कामं घ्यायचो, तेव्हा तू तावातावाने भांडून यायचास आणि मागून जाऊन त्यांची समजूत मी काढायचे. तरी भांडकुदळ म्हणायचास ते मलाच! एक टेबल, दोन खुर्च्या, त्यातली डुगडुगणारी माझी. तरी किती मजेत होतो आपण.

मग 'श्रेय' हे प्रकरण आलं. कामाला ज्याचा ज्याचा हात लागला त्याचं नाव घाला, असं पोरांना बजावलंयस. आणि शेजारी काय, तर आपलं नाटकाचं पोस्टर! त्यातलं अक्षर न् अक्षर मी ब्रशने काढलं होतं, मनगट सुजेपर्यंत. खाली नाव तुझं एकट्याचं. बक्षीस घ्यायलाही एकटाच गेलास. दुसऱ्या दिवसापासून मी यायचं बंद केलं, तर जास्त पगारासाठी गेली असं सांगत सुटलास म्हणे. संताप झाला होता, अजूनही होतो. पण तू विचारायला येशील म्हणून कितीतरी दिवस वाट बघितली मी, हे कुणाला सांगू?

त्या चित्राखाली एक ओळ बसते. मघापासून तिथे माझं नाव लिहितेय आणि पुसतेय. माझंच काम, तरी आपल्या हाताने नाव घालायचं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटतं. म्हणून जागा कोरी ठेवून पानं तुझ्याकडे तपासायला पाठवतेय. ती ओळ तू लिही. जे लिहिशील ते एक अक्षर न बदलता लावेन. माझी लेक यंदा डिझाइन शिकायला लागलीये. पुस्तक घेण्यासारखं आहे का, विचारत होती. थांब म्हटलंय तिला, तुझी ओळ येईपर्यंत.

अजून तरी तुझीच,
भांडकुदळ