दोन तासांवरचं बंगलोर

माय, तुझ्या नातीला मुलगी झाली. परवा झाली, तिकडे बंगलोरला, आणि मी इथे नागपुरात बसून आहे. फोनमध्ये पाहिली मी तिला. कपाळ तुझंच, मोठं, आणि झोपेतही आठ्या, जशी काही भाजीत मीठच पडलं नाही. माझं हसू थांबतच नाही.

तू म्हणशील, लेकीचं पहिलं बाळंतपण अन् तू काहून नाही गेली? सांगते. ती इथेच यायची होती, धंतोलीत डॉक्टरीणबाई पाहून ठेवली होती. पण तिकडच्या डॉक्टरने प्रवास नको म्हटलं. मग जावई म्हणाले, "आई, तुमचं तिकीट काढून ठेवतो. सरळ उडालं तर नऊशे किलोमीटर, दोन तासही लागत नाहीत." मी नको म्हटलं. बाळ हाती येईपर्यंत कशाचीच तयारी करायची नाही, हे तुझंच शिकवणं. माझ्या वेळी मी काटोलला तुझ्याकडे आलेली, शेजारीण झबलं शिवून आणते, आणि तू चुलीपुढून न उठता म्हणतेस, "घेऊन जा वं बाई, घालणारं कुठं आलं अजून." बिचारी पदराखाली झबलं झाकून गेली. बारशाच्या दिवशी मात्र तेच मागायला तू तिच्या दारात.

तर मी लेकीला म्हटलं, "कळा सुरू झाल्या की फोन कर, मी निघालीच समज."

"आई, ते काय काटोलची बस आहे? स्टँडवर गेली अन् चढली?"

"वेळ तं तितकाच लागते ना वं."

ती खूप हसली. मीही हसले, पण मनात खरंच तसंच धरून बसले होते. दोन तास म्हणजे दोन तास.

फोन आला तेव्हा दिवस भरलेही नव्हते. सकाळचं विमान उडून गेलेलं, संध्याकाळच्यात जागा नाही, मुंबईवरून जायचं तर रात्र तिथेच काढायची. लेकीने विचारलं, "आई, निघाली का तू?" मी म्हटलं, "निघून राहिली." पायात चप्पल घालून पलंगावर बसले होते गं माय. मग फोन कोणीतरी तिच्याकडून घेतला, आणि दुपारपर्यंत काहीच कळेना. हातांनी करायचं काय? उठले आणि डिंक तळला. लाडवाला अजून किती वेळ आहे, पण तळत राहिले. तुपात तो फुलताना पाहायचा आणि फोनकडे पाहायचं.

उद्याचं तिकीट मिळालं आहे. लाडवांचा डबा हातात घेऊन बसू देतात म्हणे. सगळे म्हणतात, आई किती खुशीत आहे, आणि आहेच मी. पण त्या दिवशी विमानात जागा नाही म्हणाले, तेव्हा क्षणभर मला हायसं वाटलं होतं. मला उडायची भीती वाटते. हे लेकीला सांगवत नाही, आणि तुला लिहिलं तरी हे पत्र टाकू कुठे.