हॉलिसच्या सहीतला सात

प्रिय अर्लीन मावशी,

आधी कबूल करून टाकतो. चार तारखेच्या शनिवारी फुटबॉल मॅचच्या मध्यंतरात बैलाचा ड्रेस घालून मैदानावर नाचणारा आपल्या कॉलेजचा बैल मी होतो. नेहमी बैल होणारा पोरगा ड्रेस काढून संडासात गेला, तेवढ्यात मी दाराला खुर्ची लावली आणि ड्रेस चढवला. करायला नको होतं, पण हॉलिस ग्रेडी स्वतः आला होता, सत्तराव्या वाढदिवसाला, आणि जुन्या खेळाडूंशिवाय कोणाला जवळ सोडत नव्हते. बैलाला कोण अडवतो?

मला त्याचं किती वेड, तुला माहीतेय. स्कॉलरशिप नसताना फुकट खेळायला आलेला पोरगा, वर्षभर बाकावर बसला, मग एकदा चिखलात बूट रुतला तरी बॉल कवटाळून एका बुटावर एक्क्याण्णव यार्ड पळाला. शेवटच्या मॅचला गुडघा गेला, मोठ्या टीमा राहिल्या, आता कॅन्ससला ट्रॅक्टर विकतो. चार ऑक्टोबरला, त्याच्या वाढदिवसाला, अख्खं गाव एक बूट घालून फिरतं, पोरं त्याला कॉलेजच्या पत्त्यावर कार्ड पाठवतात, आणि उलट टपाली सहीचा फोटो येतो.

मी नऊ वर्षांचा होतो. सप्टेंबरात बाबा ट्रक घेऊन गेले ते गेलेच. मी हॉलिसला लिहिलं, वाढदिवस आहे तुझा, तरी विचारतो, येतील का परत? फोटो आला. मागे लिहिलेलं, ‘वेस, माझाही बाप असाच निघून गेला होता. बूट निघाला म्हणून थांबायचं नसतं.’ खाली सही आणि त्याच्या जर्सीचा नंबर, 27. शाळेत कोणी बापावरून डिवचलं की मी म्हणायचो, हॉलिसचा पण गेला होता. पोरं वाट सोडायची.

तर तोच फोटो मी बैलाच्या खुरात धरून त्याच्यापुढे केला. तो हसला, "कोण रे आत? काय वास मारतोय." मग मागचं वाचलं आणि हसू गेलं. म्हणाला, "हे मी नाही लिहिलं, पोरा. माझे वडील कुठे गेलेत? ते बघ तिसऱ्या रांगेत. चौऱ्याण्णवचे आहेत, अजून सांगतात बूट नीट बांध." बिचाऱ्याने खिशातून नवा फोटो काढून सही करून दिली. त्याचा सात साधा. माझ्या फोटोवरच्या साताच्या पोटात आडवी रेघ.

तशी रेघ गावात एकच बाई मारते. आमच्या फ्रिजवर तू लिहिलेली कोलाचेची, त्या गोड पावांची रेसिपी चिकटवलीय ना, साखर 7 चमचे, त्या साताला तीच रेघ.

तीस वर्षं फुटबॉलच्या ऑफिसात टपाल तुझ्या हातात होतं. तू आमच्या टेबलाशी कॉफी पीत मला ते मोठ्याने वाचायला लावायचीस. "बघ, किती मोठ्या मनाचा माणूस," म्हणायचीस, तोंडावरची सुरकुती न हलवता. गावातला एक नंबरचा थापाड्या मी, आणि दहा वर्षं मला बनवलं तू. सहीचं सोड गं. मला वाटायचं आम्ही दोघं आहोत, तो आणि मी. तिसऱ्या रांगेतला म्हातारा बघितला तेव्हा कळलं, मी एकटाच होतो.

फोन करू नकोस, उचलणार नाही. लिहितोय ते दुसऱ्याच कारणाने. शेजारची पोरगी, आठ वर्षांची. तिची आई ऑगस्टमध्ये घर सोडून गेली. तिनेही कार्ड टाकलं होतं. तू रिटायर होऊन ओमाहाला गेलीस, आता कोण उत्तर देतंय? पोरगी चार तारखेपासून पत्रपेटीशी एका बुटावर उभी. बाप ओरडला तर म्हणते, "उत्तर आलं की घालीन." सकाळी गवतावर बर्फ धरायला लागलाय, मावशी. दहा दिवस बघितलं. मग हॉलिसने मला दिलेला खरा फोटो काढला, मागे तुझीच थाप लिहिली, बापाच्या जागी आई घातली. आणि खऱ्या सहीतल्या साताला रेघ मारली. तिच्या वर्गातल्या सगळ्यांकडच्या फोटोंत साताला तुझी रेघ आहे, साधा सात बघून पोरांनी तिचाच फोटो खोटा ठरवला असता.

आज तिच्या दोन्ही पायांत बूट आहेत. कधीतरी तिला कळेल आणि ती माझं तोंड बघणार नाही, मी तुझं बघत नाही तसं. पण एवढ्यात नको. बैलाचं खुशाल सांग सगळ्यांना. हे मात्र कोणाला बोलू नकोस, पाया पडतो. आईलासुद्धा नको.

तुझाच, अजून रागात,
वेस